लिंबाजीमामा आणि साठ लाख लिटर

लिंबाजीमामांना कोणताही आकडा विचारला की ते आधी उलट विचारायचे, "कोन्त्या दिवसाचं इचारायलाव?" टाकीत पाणी किती, असा प्रश्न असेल तर ठीक आहे. पण मी नवा असताना एकदा सहज विचारलं, की मामा, घरी माणसं किती? तर त्यावरही हेच. मग शांतपणे समजावून सांगितलं, की दोन पोरं पुण्याला असतात ती दिवाळीला बायकालेकरांसकट येतात, लेक पंचमीला येते, आणि एरवी घरात ते, मामी आणि एक म्हैस. तेव्हा आकडा कोणत्या दिवसाचा पाहिजे ते साहेबांनी ठरवावं. मी तेव्हा नाशिककडून नुकताच नोकरीवर आलो होतो, पदवीची शाई ओली होती. मला वाटलं, म्हातारा वेळ खातोय. आमच्या अख्ख्या पाणीपुरवठा विभागात हा एकच माणूस शास्त्रीय बोलतो, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

आमची नगरपरिषद गंगाखेड आणि सोनपेठच्या मधे कुठेतरी आहे. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक म्हणतील, पाणी आठ दिवसांनी नाही, दहा दिवसांनी येतं, आणि नसती भांडणं लागतील. मी तिथला कनिष्ठ अभियंता आणि मामा माझ्या हाताखालचे वॉलमन. हाताखालचे असं कागदावर होतं. गावात मला कोणी ओळखत नव्हतं, आणि मामा दिसले की बायका ओट्यावरून खाली उतरायच्या.

वॉलमनचं काम बघायला सोपं. पहाटे चारला सायकलवरून निघायचं, रस्त्यावरचं लोखंडी झाकण काढायचं, छातीइतकी उंच चावी खड्ड्यात घालायची आणि तिला धरून गोल फिरायचं. एक गल्ली बंद, दुसरी चालू. पण गावाचे भाग आठ, पाणी एका भागाचं, आणि नगरसेवक प्रत्येक भागात. पाणी आपल्याच दारात आधी यावं असं प्रत्येकाला मनापासून वाटायचं. मामा सगळ्यांचं ऐकून घेत, मान डोलावत आणि पाळी होती तशीच ठेवत. खांद्यावरच्या दस्तीने चावी पुसून ते म्हणायचे, "जबान समद्याला देता येती, पानी न्हाई देता येत."

आमच्या गावात लग्नाची तारीख काढायची एक रीत पडली होती. गुरुजींकडून तीन तिथी काढून आणायच्या, आणि त्या घेऊन मामांकडे जायचं. ज्या तिथीला आपल्या गल्लीत पाणी, ती धरायची. एका नगरसेवकाने ही रीत मोडायची ठरवली. मुलीची पत्रिका छापून झाल्यावर त्याने मामांना बोलावून सांगितलं, की त्या दिवशी पाळी आमच्याकडे फिरवा. मामा म्हणाले, त्या दिवशी धनगरगल्लीचं पाणी हाय, तिथं सहाव्या दिवसापासून रांजण कोरडे असतात, तुमी तिथीच फिरवा की. नगरसेवक चिडला, ओरडला, बदलीची धमकी दिली. वॉलमनची बदली कुठे करणार, हा प्रश्न त्याला नंतर पडला असावा. शेवटी दोन दिवस अलीकडे एक उत्तम मुहूर्त निघाला. शोधल्यावर गुरुजींना तो सापडला.

अशा या गावात एक दिवस सांडपाण्याचा प्रकल्प आला. वरून पत्र होतं. गावाचं सांडपाणी गोळा करायचं, शुद्ध करायचं आणि शेतीला द्यायचं. कल्पना चांगली होती, आजही मी तेच म्हणेन. गावाच्या खालच्या अंगाला नाला वाहतो, त्याच्या दोन्ही काठांनी वीसेक कुटुंबं मोटारी लावून तेच काळं पाणी उपसत आणि घास, मका, थोडी मेथी काढत. उन्हाळ्यात आसपासच्या मेंढ्याही तिथेच येत. पिकं हिरवीगार, पण बायकांचे पाय घोट्यापर्यंत खाजून फुटलेले असायचे. शुद्ध पाणी मिळालं तर ते पाय तरी बरे झाले असते.

पण शुद्ध करायला पाणी किती येणार, आणि पुढच्या तीस वर्षांत किती येत जाणार, हे आधी ठरवायचं होतं. त्यासाठी पुण्याच्या सल्लागार कंपनीचे एक साहेब आले. पांढरे बूट घालून आले होते, ते आमच्या काळ्या मातीने दुपारपर्यंत आपल्यासारखे करून घेतले. मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात पडद्यावर त्यांनी एक रेघ दाखवली. ती डावीकडून उजवीकडे चढत गेली होती. माणशी रोजचं पाणी एकशे पस्तीस लिटर, त्यातलं ऐंशी टक्के गटारात, गुणिले तीस वर्षांनंतरची लोकसंख्या. उत्तर आलं, रोज साठ लाख लिटर. दालनात समाधान पसरलं. अनुदानाचा वरचा टप्पाही साठ लाखांपासूनच सुरू होत होता, हा योगायोग कोणी बोलून दाखवला नाही.

मामांना नकाशावर वॉल दाखवायला बोलावलं होतं. ते दाराशी उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, की एकशे पस्तीस लिटर रोज, ते कोन्त्या दिवसाचं? साहेब म्हणाले, रोज म्हणजे रोज. मामा म्हणाले, रोज तर पाणीच येत न्हाई. साहेब हसून म्हणाले, की हे प्रमाण आहे, सगळ्या देशात हेच धरतात. मग मामांनी त्या चढत्या रेघेकडे बोट केलं आणि लोकसंख्या एवढी कशी वाढली ते विचारलं. साहेब म्हणाले, मागच्या वाढीवरून काढलीय.

"मागची समदी पोरं पुन्याला गेली, साहेब," मामा म्हणाले. "इथल्या पोरायचं सांडपानी तिकडं वाहायलंय. ते इकडं कामून धरायलाव?"

मी खाली मान घालून हसलो. मुख्याधिकारी हसले नाहीत. त्यांनी मामांना चहाचं बघायला पाठवलं. इतकी वर्षं पाणी बघणाऱ्या माणसाला चहाचं बघायला पाठवणं, हा आमच्या कचेरीतला चर्चा संपवण्याचा रिवाज होता.

नुसत्या हिशेबावर वरचे लोक मंजुरी देत नाहीत, त्यांना प्रत्यक्ष मोजमापही लागतं. मोजमापाची समिती येणार, असं पत्र आलं. आणि मग आमच्या लोकांनी जे केलं ते फक्त आमचेच लोक करू शकतात. पाहुणे येणार म्हणून घर झाडावं, तसा आम्ही नाला भरायला घेतला. मुख्याधिकाऱ्यांनी आदल्या दिवशी मामांना हुकूम दिला, की उद्या आठही भागांचे वॉल एकदम उघडायचे. समितीने येऊन कोरडा नाला बघितला तर गावाची काय इज्जत राहणार?

मामा माझ्याकडे आले. एवढंच म्हणाले, "साहेब, टाकी रिकामी व्हईल. मंग दहा-बारा दिस गावाला कुठून देऊ?" मी म्हणालो, हुकूम आहे मामा. माझं लग्न ठरत होतं आणि मला नाशिककडे बदली हवी होती. ती मुख्याधिकाऱ्यांच्या शिफारशीवर अडकली होती. हे मामांना माहीत होतं. त्यांनी चावी उचलली आणि गेले.

त्या दिवशी गावात सण झाला. पोटनिवडणूक लागली की काय, असं लोक एकमेकांना विचारत होते. आठही भागांत एकदम पाणी! बायकांनी गोधड्या काढल्या, पुरुषांनी मोटारसायकली धुतल्या, एकाने तर घराच्या भिंती धुतल्या. सगळं पाणी फेस घेऊन नाल्यात उतरलं. समितीने थर्माकोलचा तुकडा सोडला, घड्याळ लावलं, रुंदी आणि खोली घेतली. आकडा आला एकसष्ट लाख; तीस वर्षांनंतरचं पाणी आजच आलं होतं. पुण्याचे साहेब स्वतःच चकित झाले, त्यांचा हिशेब याआधी इतका बरोबर कधी आला नसावा. मुख्याधिकारी म्हणाले, शास्त्र ते शास्त्र.

मोजणीच्या कागदावर स्थानिक कर्मचारी म्हणून मामांची सही लागत होती. मामांनी चष्मा लावला, सही केली आणि तिच्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आज समदे वॉल उघडे होते.' मुख्याधिकाऱ्यांनी कागद वाचला, फाडला, दुसरा मागवला, आणि पेन माझ्यापुढे धरलं.

मी सही केली. नुसती सही, खाली काही न लिहिता.

पुढचे बारा दिवस गाव कोरडं होतं. लोक शिव्या मामांना देत होते, आणि ते त्या पाळीप्रमाणे आठही भागांत जाऊन ऐकून येत होते. मला वाटलं होतं ते माझ्याशी बोलणं टाकतील, पण तसं झालं नाही. दुपारी डबा उघडला की भाकरीचा चतकोर आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकायचीच. फक्त एक झालं. मी टाकीत पाणी किती आहे असं विचारलं, तर त्यांनी दिवस विचारला नाही. म्हणाले, "तुमाला म्हाईत असंल की." त्या चतकोरापेक्षा दुसरं काही त्या दिवसांत मला गिळायला जड गेलं नाही.

प्रकल्प मंजूर झाला. गावाच्या खाली दोन किलोमीटरवर गायरानात टाक्या बांधायला सुरुवात झाली. आता अडचण एकच होती. नाल्याचं पाणी टाक्यांपर्यंत पोचायचं तर मधल्या वीस कुटुंबांनी मोटारी काढायला पाहिजेत. त्यांना नगरपरिषदेने लेखी कळवलं, की मोटारी काढा, प्रकल्प सुरू होताच शुद्ध पाणी पाइपाने पाळीपाळीने शेतात येईल. कागद घरोघर गेले, आणि बहुतेक चुलीत गेले. नाल्यावरचे लोक म्हणाले, लिंबाजीमामा काय म्हणतात ते सांगा. पाण्याच्या बाबतीत ते दुसऱ्या कुणाचं ऐकत नसत.

मुख्याधिकाऱ्यांनी मामांना बसायला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत ती पहिली खुर्ची. म्हणाले, तुमच्या निवृत्तीला चार महिने आहेत, गावासाठी एवढं काम करून जा, तुमचा शब्द आहे तिथे. मला सोबत जायला सांगितलं.

नाल्याच्या काठी बाभळीखाली सगळे जमले. पुढे गयाबाई बसली होती. सत्तरीची, तीन एकरांवर घास काढून तिने तीन पोरं वाढवली होती, आणि तिची मोटर नाल्यावर सगळ्यात वर होती. मामांनी कागदातलं सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता. साहेब म्हणतात साठ लाख लिटर येईल, साहेब म्हणतात आठवड्यातून दोनदा पाळी मिळेल.

गयाबाई म्हणाली, "साहेब म्हंतेत ते कळालं. लिंबाजी, तू काय म्हनायलास?"

मामा नाल्याकडे बघत राहिले. तिथे घोटाभर पाणी होतं. मला अजून आठवतं, मी मनातल्या मनात त्यांना विनवत होतो, की गप्प राहा, नुसते गप्प राहा.

"मी म्हंतो, मोटारी काढू नगा," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत त्यांना कारणे दाखवा नोटीस निघाली. शासकीय प्रकल्पाविरुद्ध अपप्रचार केल्याबद्दल. उत्तर लिहायला ते माझ्याकडेच आले. म्हणाले, लिव्हा, मला इचारलं, म्या सांगितलं. मी म्हणालो, मामा, असं चालत नाही, कचेरीच्या भाषेत लिहावं लागतं. मग मी लिहिलं, की सदर ग्रामस्थांनी सदर कर्मचाऱ्यास पृच्छा केल्याने सदर कर्मचाऱ्याने स्वतःचे मत निवेदन केले. मामांनी ते वाचून घेतलं आणि विचारलं, हे तेच हाय का? मी म्हणालो, तेच आहे. ते म्हणाले, मंग एवढं लांब कामून गेलाव? उत्तर समाधानकारक नाही, असा शेरा पडला आणि शेवटची वेतनवाढ रोखली. निवृत्तीला नारळ मात्र दिला.

मोटारी पोलिस बंदोबस्तात काढायचं ठरलं होतं, पण निवडणूक जवळ आल्यामुळे शेतकऱ्यांविषयी सर्वांना एकदम जिव्हाळा वाटू लागला. उद्‌घाटन मात्र थांबवता येत नव्हतं. पाहुणे कळ दाबणार आणि शुद्ध पाण्याचं कारंजं उडणार, असा कार्यक्रम होता. टाकीत तळ झाकण्याइतकंही सांडपाणी नव्हतं. मग आदल्या दिवशी टँकर लावले. भर उन्हाळ्यात, पिण्याच्या पाण्याचे नऊ टँकर आम्ही सांडपाणी शुद्ध करायच्या टाकीत ओतले. कारंजं उडालं. पाहुण्यांनी ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला आणि म्हणाले, कमाल आहे, वाससुद्धा येत नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. गर्दीच्या मागे निवृत्त लिंबाजीमामा सायकल धरून उभे होते. ते टाळ्या वाजवत नव्हते आणि हसतही नव्हते. रिकामे टँकर परत जाताना मोजत होते, असं मला वाटलं.

नंतर दोन वर्षं त्या टाक्या उन्हात तडकत पडल्या. माझी बदली झाली नाही, शिफारस करणाऱ्या मुख्याधिकाऱ्यांचीच झाली. मग वरून विचारणा आली, की प्रकल्प क्षमतेने का चालत नाही? नव्या मुख्याधिकारी बाई म्हणाल्या, खरं पाणी किती आहे ते एकदा सांगून टाका, माझी त्यावर सही नाही, त्यामुळे मला भीती नाही. सही माझी होती. तरी मी मोजायला लागलो. रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ, पाळीच्या आठही दिवशी, रविवारी, सणाला, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. थर्माकोल नव्हता म्हणून ज्वारीच्या धाटाचं कांडं टाकायचो. वर्षभर हे चाललं. काठावरच्या बायका आधी हसायच्या, मग त्यांनी माझ्यासाठी कांडी तोडून ठेवायला सुरुवात केली. आकडा निघाला सोळा लाखांचा. पुढच्या वर्षांसाठीही मी रेघ फारशी चढवली नाही. तीन टाक्यांपैकी एकच चालवायची, आणि वीस कुटुंबांना पाच दिवसांनी एकदा पाणी द्यायचं, एवढंच त्यात बसत होतं.

तो कागद घेऊन मी मामांच्या घरी गेलो. ते म्हशीला पाणी दाखवत होते. कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि दीड तास वाचला. अक्षय्यतृतीयेला किती होतं, आठ दिवस लाईट गेली होती तेव्हा किती, बाजाराच्या दिवशी किती. प्रत्येक दिवस विचारला. माझ्याकडे प्रत्येक दिवस होता. शेवटी त्यांनी मामींकडून सदरा मागून घेतला.

बाभळीखाली तेच लोक होते. गयाबाई आता काठी घेऊन आली होती. मी बोलायला उठलो, तर मामांनी हाताने मला बसवलं.

"पानी थोडं हाय," ते म्हणाले. "पन हाय."

मला वाटलं होतं वाद होईल, अर्ज होतील, चार बैठका होतील. गयाबाईने पोराला पाना आणायला सांगितलं, एवढंच. आणि मला एकदम भीती वाटली. साठ लाखांच्या कागदावर सही करताना ती वाटली नव्हती, कारण त्या कागदावर कोणाचाच भरोसा नव्हता. या सोळा लाखांवर एक म्हातारी आपली तीन एकर घासाची मोटर काढत होती. माझं एखादं कांडं कुठे गवतात अडकलं असेल, एखादा दिवस चुकला असेल, तर त्या उन्हाळ्यात तिचं शेत करपणार होतं, आणि नाव लिंबाजीमामांचं जाणार होतं.

मोटर काढायला मामा स्वतः नाल्यात उतरले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, त्या काळ्या पाण्यात उभं राहून त्यांनी सिमेंटच्या ओट्यावरचे बोल्ट एक एक करून सैल केले. गंजले होते, वेळ लागला. मोटर पोरांनी उचलून बैलगाडीत ठेवली. चारही बोल्ट मामांनी नाल्यातच धुतले, खांद्यावरची दस्ती काढून तिच्या टोकाला घट्ट बांधले आणि ती दस्ती गयाबाईच्या हातात दिली.

"नीट ठिव," ते तिला म्हणाले. "साहेबाचा भरोसा हाय. तरी बी ठिव."

त्यांनी ते माझ्यासमोरच सांगितलं, आवाज कमी न करता. मला राग आला नाही. मीही तिला तेच सांगितलं असतं.